पांढऱ्याखालचा निळा

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

काल टपालवाला तुझं पार्सल देऊन गेला. आत निघालं ते असं: पुट्टीचा मोठा डबा एक, तिच्यात मिसळायची लाल ट्यूब एक, जाडे पॉलिशपेपर चार, काळे वॉटर पेपर सहा, रबरी ठोकळा एक आणि पांढऱ्या रंगाचा लहान डबा. पावतीप्रमाणे माल सहाशे दहा, टपालखर्च नव्वद. ओझं जड म्हणून टपालवाल्याने वर वीस मागितले, ते मी दहावर आणले. सगळे मिळून सातशे दहा.

आता मला सांग, हे मागवलं कोणी? मी नाही. पार्सलवर नाव ह्यांचं, पत्ता घराचा. संध्याकाळी हे आले, खोकं बघितलं आणि आधी चप्पल काढायची विसरले. म्हणाले, "हे ऑफिसच्या पत्त्यावर यायचं होतं." ऑफिसात कोणता दरवाजा घासायचा आहे, असं मी विचारलं, तर म्हणाले, "तुला प्रत्येक गोष्टीचा हिशेब लागतो." लागतो. म्हणून तर घर चाललंय.

नोव्हेंबरात तू दोन दिवस राहून गाडीचं डावं दार रंगवून गेलास. पत्रा गंजलाय, एवढंच तुम्ही दोघांनी मला सांगितलं होतं. ती बाजू माझ्या नजरेला कधी पडत नाही, कारण गाडी डावीकडून भिंतीला चिकटवून लावायची असा ह्यांचा नियम आहे. परवा दोरीवरचा टॉवेल भिंतीपलीकडे पडला, तो काढायला मी मधल्या फटीतून आडवी शिरले. दारावर फोड आलेत, धाकट्या. हात भाजल्यावर येतात तसे. एक दाबला तर आतून पाण्याचा थेंब आला.

मामंजींना काही बोलले नाही. ते रोज सकाळी चिमीला त्याच गाडीतून शाळेत सोडतात. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, गाडीला काही झालं म्हटलं की जेवण जात नाही त्यांना.

तू माल हलका वापरलास का? भावाला असं विचारायला जीभ रेटत नाही, पण विचारते. आणि दुसरं. पहिल्या दिवशी तू कोरडं घासत होतास, अंगण पिठाच्या गिरणीसारखं झालं होतं. दुसऱ्या दिवशी हे बादली घेऊन तुझ्या डोक्यावर उभे. का? स्पष्ट लिही.

तुझी ताई


ता. १३ मार्च

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार.

माल हलका नव्हता. तुझ्या घरी हलका माल लावून मी जाणार कुठे? तू तर भाजीवाल्यालाही दुसऱ्या दिवशी शोधून काढतेस.

फोड का आले ते सांगतो. पुट्टी असते ना, ती भाकरीच्या पिठासारखी पाणी पिते. ती नेहमी कोरडीच घासायची, कितीही धूळ उडो. पाणी लावायचं ते अगदी शेवटी, वरच्या रंगाला चकाकी आणताना. तेव्हा काळा वॉटर पेपर पाण्यात भिजवायचा आणि हलक्या हाताने फिरवायचा, म्हणजे ओरखडे उठत नाहीत. पुट्टीच ओली घासली, तर पाणी आत मुरतं. वर रंग मारला की ते कोंडतं आणि चार महिन्यांनी ऊन तापलं की बाहेर यायला बघतं. तुझ्या बोटाला लागला तो थेंब नोव्हेंबरचा आहे.

हे सगळं मी भाऊजींना तिथेच सांगितलं होतं. ते म्हणाले, "धुळीने तुझ्या ताईला त्रास होतो. पाण्याने घास." मेहुण्यापुढे मी किती बोलणार? बादली त्यांची, दार त्यांचं.

सामान त्यांनीच मागवलं. पत्ता लिहिताना माझ्याकडून सवयीने घरचा लिहिला गेला, त्याबद्दल त्यांची बोलणी खाल्ली आहेत. फोड स्वतःच काढून घेतो म्हणाले. तो पोचा नीट बसला नाही, ही चूक माझीही आहे. वेळ कमी पडला. एप्रिलअखेर हाताला उसंत मिळाली की येऊन करून देतो, फुकट.

हे पत्र भाऊजींना दाखवू नकोस.

तुझा धाकटा


ता. १९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा बरं वाटलं. दुसऱ्यांदा "पोचा" हा शब्द दिसला.

मला गंज सांगितला होता. गंजाला पोचा येतो का? आणि भाऊजींना दाखवू नकोस म्हणतोस, म्हणजे दाखवण्यासारखं काहीतरी तुझ्याजवळ अजून आहे.

माझ्या धुळीच्या त्रासाची ह्यांना एवढी काळजी कधीपासून? लग्नाला चौदा वर्षं झाली. पंख्याची पाती मीच पुसते, स्टुलावर चढून, आणि हे खालून "जपून" म्हणतात, तेही पेपरमधून मान वर न काढता.

म्हणून काल दुपारी, घरात कोणी नसताना, तुझ्या पार्सलातला एक जाडा पेपर घेऊन मी त्या फटीत शिरले. दाराखाली जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि एका फोडावर कोरडंच घासायला सुरुवात केली. पाण्याने घासलं असतं, तर सगळं वाहून गेलं असतं. कोरड्याने काही लपत नाही, जे निघेल ते कागदावर पडतं. आधी पांढरं पडलं. मग सायीसारखी पुट्टी, ती तुझी. त्याखाली निळा. त्याखाली पुन्हा पांढरा. मग गुलाबी पुट्टी. आणि तिच्याखाली, पत्र्याला चिकटून, परत तोच निळा.

आपल्या गाडीला निळा रंग कधी होता?

गुलाबी पुट्टी कोणाची ते तू नाही सांगितलंस तरी मला कळलं. लाल ट्यूब जास्त पिळली की ती गुलाबी होत असणार. दात घासायची पेस्टही हे अशीच पिळतात. म्हणजे तुझ्याआधी एकदा ह्यांनी स्वतः भरून टाकलं होतं. आणि निळा दोनदा आहे, म्हणजे गाडी दोनदा आपटली.

आता आठवतं, तू होतास त्या दुसऱ्या दिवशी मोरीच्या तोंडाशी निळसर पाणी साचलं होतं. मला वाटलं, माझ्या कपड्यांच्या निळीचं. पण त्या दिवशी मी नीळ घातलीच नव्हती.

आमच्या गल्लीत पेपर टाकणाऱ्याची सायकल निळी आहे. दिवाळीच्या सुमारापासून तो दिसला नाही, दुसराच कोणी येतो. त्याचं काय झालं, हे विचारायची मला हिंमत होत नाही. देवासमोर बसते, पण डोळे मिटले की सायकलच दिसते. हे संध्याकाळी घरी येतात, मी पाण्याचा पेला पुढे करते आणि ह्यांच्या हाताकडे बघत राहते. ह्यांनी कोणाला पाडलं असेल, तर मला कळायला हवं. रोज त्याच गाडीत माझी मुलगी बसते.

काय माहीत आहे ते लिही. आईची शपथ घालत नाही, कारण तू ती मोडलीस तर मला दुसरा भाऊ नाही.

ताई


ता. २७ मार्च

ती. ताईस नमस्कार.

आता लपवत नाही. दार उघडं करताना निळा मला दिसला होता. मी भाऊजींना विचारलं, "हे काय?" त्यांनी आधी घराच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "मी नव्हतो. पण माझ्यावरच धर. ताईला बोलू नकोस." आणि बादली आणायला गेले. धूळ उडाली असती, तर अंगणभर निळी झाली असती, म्हणून पाणी. मला ते तेव्हाच कळलं होतं. "मी नव्हतो" हे मी खरं मानलं नाही. माणूस असंच म्हणतो. तुझा संसार आहे म्हणून गप्प बसलो आणि वरच्यावर पुट्टी ओढली. पत्र्यापर्यंत खरवडायला हवं होतं.

पण एक सांगतो, त्याने कदाचित तुला झोप लागेल. सायकलचा रंग असा लागत नाही. सायकलचा पातळ असतो, त्याच्या रेघा उठतात, त्यासुद्धा तुटक. हा जाड होता, ब्रशने वर्षावर्षाला थर चढवलेला. फाटकाला, कठड्याला मारतात तसा. रुंदीही तळहाताएवढी होती, खालपासून वरपर्यंत एकसारखी. हे माणसाचं काम नाही, कुठल्यातरी लोखंडी खांबाचं आहे.

गाडी रोज कुठे जाते ते तुलाच माहीत. त्या वाटेवर निळं काय आहे, ते बघ.

तुझा धाकटा


ता. ३ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पेपरवाला सुखरूप आहे. इतके महिने बहिणीकडे राहिला होता. कालच दिसला. देवाला हात जोडले आणि त्याला चहा पाजला. बिचाऱ्याला कशाबद्दल ते कळलं नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी, चिमीचा डबा विसरला असं निमित्त करून, मी चालत शाळेत गेले. शाळेचं फाटक निळं आहे. इतकी वर्षं आत जाते-येते, पण बघितलं त्या दिवशी. डाव्या हाताचा खांब जरा आत कललाय आणि माझ्या कमरेखाली त्याच्यावर पांढरा पट्टा आहे. मी तळहात लावून बघितला. बरोबर बसला.

शिपाई स्टुलावर बसला होता. मी विचारलं, "हा खांब कोणी वाकवला?"

"तुम्ही चिमीच्या आई ना? मग मला काय विचारता?"

"मला माहीत नाही म्हणून."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि उठून उभा राहिला. म्हणाला, "बाई, आजोबांची गाडी कोपऱ्यावर दिसली की मी आधी शिट्टी मारतो. पोरं आत घेतो. गाडी थांबली की मगच सोडतो. माणूस देवासारखा आहे हो, पण डाव्या बाजूचं त्यांना दिसत नाही."

"घरी का नाही कळवलं?"

"कळवलं की. साहेब आले होते, दोन्ही वेळा. खांबाच्या रंगाचे पैसे देऊन गेले, रंग अजून मारायचाय. घरी बोलू नका म्हणाले."

संध्याकाळी चिमीच्या वेण्या घालताना सहज विचारावं तसं विचारलं, "आजोबा गाडी चालवतात तेव्हा तू काय करतेस?"

"मी कंडक्टर असते."

"म्हणजे?"

"डावीकडे मी बघते. आजोबा विचारतात, कंडक्टर, मोकळं आहे? मोकळं असलं की मी दोन घंट्या देते, ट्रिंग ट्रिंग. थांबायचं असलं की एक." मग आवाज बारीक करून म्हणाली, "एकदा माझी पेन्सिल पडली म्हणून मी वाकले होते. तेव्हा खांब लागला. तो माझ्यामुळे लागला, आजोबांमुळे नाही. तू त्यांना रागावू नकोस."

धाकट्या, मुलगी नऊ वर्षांची आहे. एवढे महिने ती हे पोटात घेऊन शाळेत जाते-येते आणि मी तिच्या डब्यात काय घालायचं याची काळजी करत होते.

ह्यांना स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, खांब बघून आले. हे ओट्याला टेकले. म्हणाले, "बाबांना कोण सांगणार? त्यांच्या नोकरीत एक ओरखडा नाही. ते सर्टिफिकेट अजून भिंतीवर आहे." मी म्हटलं, "भिंतीवर सर्टिफिकेट, आणि गाडीत माझी पोर." मी एवढे दिवस ह्यांना मनात काय काय ठरवलं ते सांगितलं नाही. सांगणारही नाही.

किल्ली सध्या माझ्या तांदळाच्या डब्यात आहे. मामंजींना सांगितलं, गाडी दुरुस्तीला द्यायची आहे. ते विचारतात, "काय झालंय?" आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो. किती दिवस असं चालणार?

तू ये. ते दार त्यांच्यासमोर उघडं कर.

ताई


ता. १० एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

मला इथून हलता येत नाही. मालकाने महिन्याअखेरपर्यंत सुट्टी बंद केली आहे. पण माझ्यासाठी थांबू नका. हे काम भाऊजींच्या हातानेच व्हायला हवं.

जाडा पेपर रबरी ठोकळ्याला गुंडाळायचा आणि कोरडंच घासायचं, पत्रा दिसेपर्यंत. नाकाला फडकं बांधायला सांग. बादली आसपाससुद्धा नको. मधेमधे थांबून डोळे मिटायचे आणि तळहात फिरवायचा. आम्ही रंगारी डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. उंचसखल असलेलं हाताला आधी कळतं.

तुझ्या मामंजींना खुर्ची दाराजवळ द्या. ज्याने जन्मभर गाडी हाकली, त्याच्याशी गाडीबद्दल खोटं बोलू नये. मी बोललो, त्याची लाज वाटते.

धाकटा


ता. २२ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

रविवारी सकाळी हे गाडी भिंतीपासून दूर अंगणाच्या मधोमध घेऊन आले. मी आधी दिवा लावला, मग दोरीवरचे कपडे काढले. मामंजींची खुर्ची डाव्या बाजूला ठेवली. ते म्हणाले, "ही बाजू का?" हे ठोकळ्याला पेपर गुंडाळू लागले.

ह्यांनी फडकं बांधलं आणि घासायला सुरुवात केली. वारा नव्हता. पांढरी धूळ फरशीवर बसत गेली. मामंजी म्हणाले, "पाणी घे रे. सूनबाईला पुसावं लागेल." मी म्हटलं, "पुसेन. उडू दे." मग सायीचा रंग आला आणि मग निळा. मामंजींचा सदरा पांढरा, त्याच्या बाहीवर तो बसला. त्यांनी बाही डोळ्यांजवळ, उजव्या बाजूला, नेऊन बघितली.

मी त्यांचा हात धरून दारावर ठेवला. त्यांनी डोळे मिटले. कोणी सांगितलं नव्हतं. बोटं कडेकडेने फिरली. नकाशावर डोंगर काढतात तशी एकात एक वर्तुळं झाली होती, पांढऱ्याची, निळ्याची, गुलाबीची.

"हे आतलं केव्हाचं?"

"जूनमधलं," हे म्हणाले.

"बाहेरचं?"

"ऑक्टोबर."

"मला वाटायचं, चाक काठाला लागलं. तू म्हणालास, काही नाही झालं." मग आवाज चढला. "तीस वर्षं मी संध्याकाळी बस डेपोत लावली की स्वतः चारी बाजूंनी फिरून तपासायचो. त्याशिवाय घरी आलो नाही. तुम्ही माझी गाडी मला तपासू दिली नाहीत. भिंतीला लावून ठेवलीत."

ह्यांनी हातातला ठोकळा खाली ठेवला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

तेवढ्यात चिमी पुढे आली. "आजोबा, बाहेरचं माझ्यामुळे आहे. मी पेन्सिल उचलायला वाकले होते."

धाकट्या, त्या क्षणी मामंजींचा सगळा राग कुठे गेला कळलं नाही. ते तिच्याकडे बघत राहिले. नीट दिसावी म्हणून मान थोडी वळवून, हे मला पहिल्यांदाच लक्षात आलं. किती दिवसांपासून ते मान अशीच वळवत असतील. मग म्हणाले, "नाही गं. ड्रायव्हर चुकला तर कंडक्टरवर ठपका येत नाही. असा नियमच आहे." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "कंडक्टर, एक घंटी दे."

"कुठे थांबायचं?"

"इथेच. गाडी डेपोला लागली."

तिने तोंडाने एक घंटी दिली. मला आत जाऊन चूल बघावी लागली.

आता चिमी चालत शाळेत जाते आणि मामंजी तिच्याबरोबर जातात. कोण कोणाला धरून नेतं ते आम्ही विचारत नाही. हे त्यांना डोळ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली औषधाने टिकेल.

माझा संशयी स्वभाव काही जात नाही. किल्ली अजून तांदळातच आहे, फक्त जागा बदलली. मामंजी दुपारी गाडीत जाऊन बसतात आणि मी खिडकीतून इंजिनाचा आवाज येतो का ऐकते. एक दिवस आवाज आला. धावत गेले, तर खरखर पॉलिशपेपरची होती. दार त्यांनीच हाती घेतलंय. ह्यांना पुट्टी कालवू देत नाहीत, म्हणतात गुलाबी करशील. पत्र्यापासून सगळं नव्याने भरलं, कोरडं घासलं, आणि धूळ स्वतः झाडली. परवा पांढरा रंग मारून झाला. इतका सारखा की मी बोट फिरवून बघितलं, काही लागलं नाही.

आता त्यांना चकाकी आणायची आहे. काळे वॉटर पेपर समोर मांडून बसलेत आणि बादलीला हात लावायला घाबरतात. मला म्हणाले, "सूनबाई, तुझ्या भावाला विचार. आता खाली कोणी काही ठेवलेलं नाही. तर पाणी लावलं तर चालेल ना? आणि रंग किती दिवस वाळू द्यायचा?"

मलाही तेच विचारायचं आहे. उलट टपाली कळव. म्हातारा माणूस रोज बादली भरतो आणि झाडांना ओतून टाकतो.

तुझी ताई